प्रश्न विचारा, अभिनंदन नंतर करा : अर्थवृत्तवाहिन्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
देशातील अर्थवृत्तवाहिन्यांचे संपादक व सूत्रसंचालक, तसेच मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक यांस,

विषय : कंपन्यांच्या प्रमुखांच्या मुलाखतींचा दर्जा

स.न.वि.वि.

मी सोलापुरात करसल्लागार म्हणून काम करतो. पूर्व भागातील यंत्रमाग कारखानदार, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल उत्पादक, चाटी गल्लीतील कापड व्यापारी आणि सुताचे दलाल यांचे हिशेब, विवरणपत्रे आणि बँकेची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जातात. कार्यालयात आपल्यापैकी कोणती ना कोणती वाहिनी दिवसभर सुरू असते. एरवी तिचा आवाज बंद ठेवलेला असतो. तिमाही निकालांचा हंगाम आला की तो वाढवला जातो, कारण त्या दिवसांत कंपन्यांचे प्रवर्तक, व्यवस्थापकीय संचालक आणि वित्तप्रमुख स्वतः पडद्यावर येतात, आणि ज्यांच्या निर्णयांनी आमच्याकडचा सुताचा भाव हलतो अशा माणसांना बोलताना ऐकण्याची तेवढीच संधी आम्हाला मिळते. ती संधी आपण ज्या रीतीने वाया घालवता, त्याविषयी हे पत्र आहे.

तक्रार थोडक्यात अशी की, ज्या प्रश्नांना तोंड दिल्याशिवाय सोलापूरच्या कारखानदाराला २५ लाखांच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करून मिळत नाही, ते प्रश्न हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीच्या प्रमुखाला आपल्या पडद्यावर क्वचितच विचारले जातात.

हे प्रश्न कोणते ते जरा सविस्तर सांगतो, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी शाखेत बसून कर्जाचे नूतनीकरण पाहण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर आला असेल. वर्षातून एकदा कारखानदार फाइल घेऊन बँकेत जातो. समोरचा अधिकारी बहुधा तिशीतला, नुकताच बदलून आलेला असतो. टॉवेलच्या धंद्यातले त्याला फारसे कळत नाही आणि ते तो लपवतही नाही. पण त्याच्यापुढे ताळेबंद असतो आणि तो त्याने वाचलेला असतो. विक्री वाढली म्हणून तो अभिनंदन करत नाही. विक्री १५ टक्क्यांनी वाढली तर येणे ४० टक्क्यांनी कसे वाढले, असे तो विचारतो. कारखानदार म्हणतो, ‘साहेब, दिवाळीचा माल गेलाय, येतील की पैसे.’ साहेब येणेकऱ्यांची यादी उलटतात, एका नावावर पेन ठेवतात आणि म्हणतात, ‘हे बिल तर मार्चचं आहे. दिवाळीचा माल मार्चमध्ये गेला का?’ नव्वद दिवसांहून जुने येणे बहुतेक बँका डीपीत (कर्ज उचलण्याच्या मर्यादेत) धरत नाहीत, त्यामुळे या एका बिलावर त्या महिन्यात किती रक्कम उचलता येणार हे ठरत असते. मग पुढचा प्रश्न येतो, ‘ही फर्म कोणाची?’ उत्तर येते, ‘मेहुण्याची.’ ‘मग इतरांना साठ दिवस आणि त्यांनाच दीडशे दिवस उधारी कशी?’ त्यानंतर तेच साहेब एके दिवशी गोदामात येतात, स्टॉक स्टेटमेंटवरचा आकडा आणि समोर रचलेली सुताची पोती यांचा मेळ घालतात, आणि खालच्या थरातली धूळ बसलेली पोती कधीची आहेत तेही विचारतात. कारखानदाराला हा माणूस मुळीच आवडत नाही. शाखेबाहेर आल्यावर त्याच्या नावाने चार शब्द मला ऐकावे लागतात. तरी वीस-पंचवीस मिनिटांत धंद्याची खरी स्थिती टेबलावर आलेली असते, आणि ती आणायला कोणी आवाज चढवलेला नसतो.

आता आपल्याकडील मुलाखत पाहू. कोणा एकाची म्हणून मी ती सांगत नाही. हंगामात कोणत्याही दुपारी कोणतीही वाहिनी लावली तर तिचा साचा सारखाच असतो. सुरुवात ‘सर, सर्वप्रथम उत्तम निकालांबद्दल अभिनंदन’ अशी होते. मग सूत्रसंचालक कंपनीनेच पाठवलेल्या प्रसिद्धिपत्रकातले विक्रीचे, नफ्याचे आणि मार्जिनचे आकडे वाचून दाखवतात, म्हणजे आठ मिनिटांतले पहिले मिनिट पाहुण्यांना त्यांचीच माहिती परत सांगण्यात जाते. मग प्रश्न येतो, पण तो येताना आपले उत्तर सोबत घेऊनच येतो : ‘मागणी चांगली दिसते आहे, कच्चा मालही नरमला आहे, तर पुढच्या दोन तिमाहींत मार्जिन १८ ते २० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे समजायचे का?’ पाहुणे म्हणतात की आम्ही ‘कॉशसली ऑप्टिमिस्टिक’ आहोत, ऑर्डर बुक भक्कम आहे, दुसऱ्या सहामाहीत चित्र आणखी सुधारेल. सूत्रसंचालक मान हलवतात आणि क्षमताविस्ताराकडे वळतात. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात शेअरचा भाव दोन टक्के वर गेलेला असतो, त्याचा हसतमुखाने उल्लेख होतो, ‘पुढील तिमाहीसाठी शुभेच्छा’ होते आणि जाहिरात लागते. मागणी चांगली आहे म्हणजे कोणत्या मालाला, कोणत्या भागात आणि उधारीवर की रोखीने, हे कोणी विचारलेले नसते. मागच्या सहामाहीतही हेच पाहुणे ‘दुसऱ्या सहामाहीत चित्र सुधारेल’ असे म्हणाले होते, हे वाहिनीच्या स्वतःच्या चित्रफितीत असूनही कोणाला आठवत नाही.

यातली एक गोष्ट मला विशेष खटकते. सूत्रसंचालक ज्याचा सर्वांत जास्त आग्रह धरतात, म्हणजे चालू तिमाही कशी जाते आहे आणि नवी मोठी ऑर्डर कधी येणार, ते सांगण्यास पाहुण्यांना कायद्याचीच आडकाठी असते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५च्या अंतर्गत व्यवहार प्रतिबंधक नियमांनुसार जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती कंपनीच्या प्रमुखाला असे बोलता बोलता देता येत नाही. त्यामुळे तो गोलमोल बोलतो, आणि त्याच्या गोलमोल बोलण्यातून आपण ‘संकेत’ काढून खालच्या पट्टीत चालवता. उलट ज्या गोष्टी छापून जाहीर झालेल्या आहेत, म्हणजे वार्षिक अहवालातले आकडे, त्यांखालच्या टिपा, लेखापरीक्षकांचे शेरे आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर, त्यांच्याविषयी त्याला कोणताही प्रश्न विचारता येतो आणि कायद्याचे कारण पुढे करून त्याला ते उत्तर टाळता येत नाही. म्हणजे जे त्याला सांगता येत नाही ते आपण विचारता आणि जे सांगणे त्याला भाग आहे ते विचारत नाही. ही सोय कोणाची आहे, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

साहित्य कमी आहे अशी स्थिती मुळीच नाही. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. कंपनी विश्लेषकांशी जे बोलते त्याचे ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ठेवणे आता बंधनकारक आहे; ते वीस-तीस पानांचे असते आणि मराठी माध्यमात शिकलेला माझा सहायकही ते अर्ध्या-पाऊण तासात वाचून काढतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ताळेबंदात येणे आणि देणे किती जुने आहे याचा तक्ता द्यावा लागतो, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे किती पैसे कंपनीकडे अडकले आहेत हा आकडा वेगळा छापावा लागतो. बँकेचे साहेब ज्या यादीवर पेन ठेवतात तीच ही यादी, फक्त मोठ्या कंपनीची आणि सर्वांसाठी खुली. नफा वाढला पण व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड घटली, असे ज्या वर्षी दिसते त्या वर्षी एवढा एकच प्रश्न घेऊन बसले तरी आठ मिनिटे पुरणार नाहीत.

असा प्रश्न विचारून कोणता प्रवर्तक कबुली देणार आहे, असे आपण म्हणाल. कबुली कोणीच देणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण प्रश्नांची ताकद काय असते याचे उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. त्यानंतर विश्लेषकांशी झालेल्या संभाषणात मोठ्या गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधींनी व्यवस्थापनाला सरळ शब्दांत धारेवर धरले : भागधारकांच्या पैशाने घरच्या कंपन्या कशासाठी घेता? न्यूयॉर्कमध्ये शेअर कोसळला आणि काही तासांत तो व्यवहार मागे घ्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांचे कबुलीचे पत्र आले, आणि ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती हे जगाला कळले. त्याआधी काही महिने याच कंपनीला सुशासनाचा पुरस्कार मिळालेला होता. एवढी रोकड बँकेत पडून का आहे आणि तिच्यावर व्याज किती मिळाले, हा प्रश्न आमच्या शाखेतल्या साहेबांना पहिल्या पाच मिनिटांत सुचला असता. त्याने घोटाळा उघड झाला असता असा माझा दावा नाही. निदान टाळाटाळीचे उत्तर नोंदवले गेले असते, आणि दुसऱ्या कोणीतरी ते ऐकून पुढचा प्रश्न तयार ठेवला असता.

येस बँकेचेही तसेच. २०१९च्या उत्तरार्धात भांडवल येणार, गुंतवणूकदार तयार आहेत, असे पुन्हा पुन्हा सांगितले जात होते. ५ मार्च २०२० रोजी खातेदारांना ५० हजारांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली आणि त्याच महिन्यात ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आल्यास बुडीत धरता येणारे तिचे कर्जरोखे) शून्य ठरवण्यात आले. त्या रोख्यांत मुदतठेवीसारखे समजून पैसे गुंतवणारे निवृत्त लोक देशभर होते. गुंतवणूकदार तयार आहेत तर त्यांची नावे काय, लेखी काय मिळाले आहे, पैसे कोणत्या तारखेपर्यंत येणार आणि न आल्यास काय करणार, असे चार साधे प्रश्न दर वेळी त्याच क्रमाने विचारले गेले असते तर ‘वाटाघाटी सुरू आहेत’ या उत्तराचे वजन प्रत्येक वेळी कमी होत गेलेले सर्वांना दिसले असते.

कंपन्यांच्या प्रमुखांखेरीज दुसरे पाहुणे म्हणजे ‘तज्ज्ञ’. त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्या कार्यक्रमांना आपण मुलाखत म्हणत असलात तरी मी म्हणणार नाही. ‘माझ्याकडे अमुक कंपनीचे दोनशे शेअर ८५च्या भावाचे आहेत, काय करू?’ असे कोणी फोनवरून विचारते आणि वीस सेकंदांत ‘७८चा स्टॉपलॉस लावून ठेवून द्या’, म्हणजे भाव ७८पर्यंत उतरला तरच विका, असे उत्तर मिळते. विचारणाऱ्याचे वय, कर्ज, मुलीचे लग्न, पैशाची गरज यांपैकी काहीही माहीत नसते. सेबीच्या २०१३च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला ग्राहकाची जोखीम पेलण्याची क्षमता तपासल्याशिवाय आणि सल्ला त्याला योग्य आहे याची खात्री केल्याशिवाय सल्ला देता येत नाही. पण सर्वांना उपलब्ध असलेल्या वृत्तपत्रांतून वा प्रसारणातून दिलेले मत गुंतवणूक सल्ल्याच्या व्याख्येतून वगळलेले आहे. ही सवलत आपल्याला मिळालेली आहे म्हणून आपली जबाबदारी वाढते, असे मला वाटते. शेअर बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या आतले भाव वापरू नयेत असे सेबीने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले, आणि आपल्याकडे मात्र भाव क्षणाक्षणाला हलत असतो.

पाहुण्यांच्या हितसंबंधांचे म्हणाल तर, जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या सूत्रसंचालकाविरुद्ध आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका हिंदी अर्थवाहिनीवरील पाहुणे तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढले. शिफारस पडद्यावर येण्यापूर्वीच तिच्या आधारे व्यवहार होत होते, असे या दोन्ही आदेशांत सेबीचे म्हणणे होते, आणि दुसऱ्या प्रकरणात ७.४१ कोटी रुपये रोखून ठेवण्यात आले. त्यानंतर आपण काय केले? कार्यक्रमाच्या शेवटी मुंगीच्या अक्षरात धावणारी सूचना आणखी दोन ओळींनी लांबली. ‘हा शेअर तुमच्याकडे आहे का, तुमच्या पेढीच्या ग्राहकांना तुम्ही तो कधी घ्यायला सांगितला, आणि मागच्या वर्षी याच खुर्चीवरून तुम्ही दिलेल्या शिफारशींचे काय झाले?’ असे तोंडी विचारायला एक मिनिटही लागत नाही.

हे सारे पाहते कोण, याचीही कल्पना आपल्याला असावी. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरील सौद्यांत) उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि त्या सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांत पडलेल्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या ३० शहरांच्या बाहेरचे, म्हणजे सोलापूरसारख्या गावांतले होते. त्यांची विवरणपत्रे आता माझ्याकडे येतात. वडिलांचे माग, मुलाचा ऑप्शन्सचा तोटा आणि दोघांच्या नावावर एकच कर्ज असे कागद हल्ली दर जुलैत टेबलावर असतात. याचा सगळा दोष वाहिन्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. मोबाइलवर फुकट ज्ञान वाटणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. पण त्या मुलांना कंपनी म्हणजे काय, धंदा म्हणजे काय हे ऐकण्याची जी एक जागा होती तिथेही त्यांना भावच ऐकू येतो.

आपल्या अडचणी मी समजू शकतो. कठीण प्रश्न विचारला की पुढच्या तिमाहीत तो प्रवर्तक शेजारच्या वाहिनीवर दिसतो. जाहिराती दलाली पेढ्या आणि म्युच्युअल फंडांकडून येतात. एकाच सूत्रसंचालकाला एका दिवसात दहा-बारा कंपन्या हाताळाव्या लागत असतील तर वार्षिक अहवाल वाचणार कधी? पण यावर उपाय आहेत आणि ते खर्चिकही नाहीत. दहा मुलाखतींऐवजी तीन घ्या आणि त्या प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या घ्या. त्या दुपारी साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावर घ्या, म्हणजे कोपऱ्यातला भाव पाहुण्याच्या वाक्याला टाळ्या देणार नाही आणि सूत्रसंचालकाचे लक्षही त्याकडे जाणार नाही. मुलाखतीआधी मागच्या चार तिमाहींत तीच व्यक्ती काय म्हणाली होती याची चित्रफीत काढून ठेवा आणि ती तिच्यासमोर लावा. तुमच्याइतका चांगला दप्तरखाना देशात दुसऱ्या कोणाकडे नाही. पाहुण्यांनी प्रश्न टाळला तर तो दुसऱ्यांदा विचारा, आणि पुन्हा टाळला तर ‘या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही’ एवढे प्रेक्षकांना सांगून पुढे चला. यात उद्धटपणा नाही. काही सायंकाळी भांडणाच्या सुरात चालणारे कार्यक्रम लागतात, ते मी मागत नाही. त्यांत प्रश्न मोठ्याने विचारला जातो आणि उत्तर कोणीच ऐकत नाही.

चांगले प्रश्न अवघड शब्दांचे असावे लागत नाहीत. आमच्या सोलापुरातून चालणाऱ्या कंपन्यांपैकी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. विजेवर चालणाऱ्या मोटारीत कॅमशाफ्ट हा इंजिनातला भाग लागतच नाही, मग तुमचे पुढे काय, हा प्रश्न अकरावीतल्या मुलालाही कळतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला अध्यक्षांना दहा मिनिटे लागतात. अशा प्रश्नांनी कंपनीचे नुकसान होत नाही. ज्याने पुढचा विचार केलेला आहे त्याला तो मांडायला जागा मिळते.

टॉवेलवरून एक जवळचे उदाहरण देतो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टपासून, केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क तात्पुरते माफ केले होते आणि मग ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या आठवड्यांत मोठ्या निर्यातदार कंपन्यांच्या ज्या मुलाखती माझ्या पाहण्यात आल्या, त्या सर्वांत एकच चिंता होती : मार्जिनवर किती परिणाम होईल आणि शेअर घ्यावा की थांबावे. इकडे अक्कलकोट रोडवर वेगळेच प्रश्न चालू होते. अमेरिकेला जायचा माल थांबला तर ही मंडळी तो देशातल्या बाजारात उतरवणार का आणि कोणत्या भावाने? तसे झाले तर सोलापूरचा टॉवेल कोणाशी स्पर्धा करणार? शुल्क माफ झाले तर स्वस्त कापसाचा फायदा सूतगिरणी स्वतःकडे ठेवणार की सुताचा भाव उतरणार, आणि उतरलाच तर चढ्या भावाने घेतलेला साठा असलेल्या कारखानदाराने काय करायचे? हे प्रश्न केवळ सोलापूरच्या सोयीचे नव्हते. त्या कंपनीच्या शेअरधारकालाही हेच जाणून घ्यायला हवे होते, कारण देशी बाजारात माल ओतला तर तिथले तिचे मार्जिनही राहत नाही. विचारणाऱ्याने एकदा आमच्या भागात फेरी मारली असती तर ते त्याला चहाच्या टपरीवरच मिळाले असते.

आयकर कायद्यातील ४३बी(एच) या तरतुदीचेही असेच झाले. २०२३-२४ या वर्षापासून सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा मिळेनासा झाला. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आमच्याकडे त्याखेरीज दुसरा विषय नव्हता. व्यापारी माल परत करू लागले होते, काही जण लघु उत्पादकाकडून माल घ्यायलाच तयार नव्हते. मोठी कंपनी लघु उद्योगांचे किती पैसे किती दिवस दाबून ठेवते हे तिच्याच ताळेबंदात छापलेले असताना त्या हंगामात हा प्रश्न तिच्या वित्तप्रमुखाला विचारणे हे आपले कामच होते.

आता मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांसाठी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण वर जी तक्रार केली ती करण्याइतकेही आपण आम्हाला देत नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपल्याकडे सत्ताधारी आणि विरोधक बसतात, एखादा उद्योजक अर्थसंकल्पाला दहापैकी गुण देतो, आणि पुढच्या वर्षापर्यंत पैशाचा विषय मिटतो. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाची सरकारने ठरवलेली किमान किंमत) द्यावी आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. थकीत एफआरपीच्या बातम्या आपण देता, आंदोलनाची दृश्ये दाखवता. पण कारखान्याच्या अध्यक्षांना समोर बसवून, त्यांचा ताळेबंद उघडून, साखरसाठ्यावर बँकेची उचल किती घेतली, त्यातून ऊसबिल किती दिले आणि उरलेले कुठे गेले, असे विचारणारी मुलाखत आम्हाला पाहायला मिळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली तेव्हा राष्ट्रीय वाहिन्यांनी शेअर बाजारातील साखर कंपन्यांना निदान बोलावले तरी. आपल्याकडे तो विषय हवामानाच्या बातमीएवढाही टिकला नाही.

सहकारी बँकांचेही हेच. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आमच्या शहरातील एका जुन्या सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीदारांच्या रांगा दिसल्या, पाच लाखांपर्यंतच्या विम्याची माहिती सांगितली गेली. परंतु अशा बँका चालू असताना, त्यांचे अहवाल वार्षिक सभेत वाटले जात असताना, थकीत कर्जांचे प्रमाण आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे यांवर अध्यक्षांची मुलाखत घेणारा कार्यक्रम मी तरी मराठीत पाहिलेला नाही. रांग लागल्यावर माइक घेऊन जाणे सोपे आहे. तोवर विचारण्यासारखे काही उरलेले नसते. भाषेचीही अडचण नाही. येणे, देणे, साठा, तारण, उचल, व्याज हे शब्द चाटी गल्लीतला गुमास्ताही रोज वापरतो, आणि एवढ्या शब्दांत कोणत्याही कंपनीची मुलाखत पुरी होते.

तेव्हा विनंती इतकीच की, येत्या निकालांच्या हंगामात ज्या वस्त्रोद्योग कंपन्यांचे प्रमुख आपल्याकडे येतील, त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. निर्यातीसाठी तयार केलेल्या मालापैकी किती माल देशात विकला आणि निर्यातीच्या तुलनेत कोणत्या भावाने विकला? सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे ४५ दिवसांहून जुने देणे आज किती आहे? आणि नफ्याच्या तुलनेत व्यवसायातून आलेली रोकड कमी असेल तर फरकाची रक्कम नेमकी कोणाकडे अडकली आहे? या उत्तरांचा बराचसा भाग जाहीर कागदांवरून पडताळता येतो. आपल्या प्रतिनिधीला त्यासाठी काही समजून घ्यायचे असेल तर पूर्व भागातील कोणताही कारखानदार आपल्या वह्या उघडून दाखवील. बँकेच्या साहेबांना त्या दर वर्षी दाखवाव्याच लागतात.

कळावे,

आपला,
सोलापुरातील एक करसल्लागार